वनस्पतियुक्त मत्स्यालय व सिक्लिड मासे

गोड्या पाण्यातील मासे व जिवंत जलवनस्पती एकत्र वाढविण्याकरिता मांडलेल्या काचेच्या टाकीस वनस्पतियुक्त मत्स्यालय म्हणतात. कृत्रिम झाडे ठेवून सजविलेल्या टाकीहून ते मूलतः वेगळे असते. येथील वनस्पती माशांच्या उत्सर्गातील नायट्रोजनयुक्त द्रव्ये शोषून घेतात, प्रकाशात पाण्याला ऑक्सिजन पुरवितात, शैवलांची वाढ रोखतात व माशांना आडोसा देतात. सिक्लिडी कुलातील मासे अशा मत्स्यालयास अयोग्य होत, असा समज रूढ आहे. कारण या कुलातील पुष्कळ मासे तळ उकरतात, झाडे उपटतात किंवा खातात. हा समज अर्धाच खरा आहे. या कुलातील कित्येक लहान जाती मूळच्याच पाणवनस्पतींच्या, बुडालेल्या फांद्यांच्या व पाचोळ्याच्या आश्रयाने राहणाऱ्या असून उघड्या टाकीत त्या सदैव भेदरलेल्या व निस्तेज राहतात. जातींची निवड व टाकीची मांडणी या दोन गोष्टी साधल्या, तर हे मासे व वनस्पती एकमेकांस पोषकच ठरतात.

इतिहास : वनस्पती व प्राणी यांचा मेळ घालून बंदिस्त पाण्यात मासे जगविता येतात, हे रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले. १८४९ मध्ये लंडन येथे त्यांनी सु. ५० लि. पाणी मावणाऱ्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस ही वनस्पती ठेवली. काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगाई पात्रात सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाऊन टाकली व पाणी निवळले. हे निरीक्षण १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे हा छंद इंग्लंडमध्ये घरोघर पोहोचला.

वॉरिंग्टन यांना अभिप्रेत असलेला समतोल मुख्यतः ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड या वायूंचा होता. टाकीतील माशांचे जीवित ज्यावर अधिक अवलंबून असते, त्या नायट्रोजनाच्या स्थित्यंतरांमागील सूक्ष्मजंतूंचा शोध सर्जी विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास लावला. विसाव्या शतकात नेदर्लंड्समध्ये पाणवनस्पतींची उद्यानासारखी आखीव रचना करण्याची पद्धत विकसित झाली. शतकाच्या अखेरीस ताकाशी आमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकारांनी नैसर्गिक भूदृश्यासारखी मांडणी लोकप्रिय केली. या दोन्ही पद्धतींत मासे गौण समजले जातात. सिक्लिडांच्या बाबतीत तसे करता येत नाही. टाकीची अंतिम मांडणी पुष्कळदा तेच ठरवितात.

सिक्लिड मासे : या कुलातील १,७०० हून अधिक जातींची शास्त्रीय वर्णने झालेली असून नव्या जातींची भर पडतच आहे. आफ्रिका, दक्षिण व मध्य अमेरिका, मादागास्कर, पश्चिम आशियाचा काही भाग आणि दक्षिण भारत व श्रीलंका असा त्यांचा प्रसार आहे. डोक्याच्या प्रत्येक बाजूस दोनांऐवजी एकच नासाद्वार असणे व पार्श्वरेखा खंडित असणे, ही त्यांची सहज दिसणारी लक्षणे होत. मुखातील जबड्यांखेरीज घशातही दातांनी युक्त असा जबड्यांचा दुसरा संच असतो. भक्ष्य बारीक करण्याचे काम घशातील जबड्यांकडे गेल्यामुळे मुखाचे जबडे पकडणे, खरवडणे, वाळू चाळणे अशा निरनिराळ्या कामांसाठी विकसित होऊ शकले, असे मानतात. मत्स्यालयाच्या दृष्टीने मात्र त्यांचे दोन गुण सर्वांत महत्त्वाचे आहेत : विणीच्या काळात ठराविक क्षेत्रावर हक्क सांगून ते राखणे आणि अंडी व पिले यांचे संगोपन करणे. त्यांचे आकर्षण व त्यांचा उपद्रव ही दोन्ही याच गुणांतून उद्‌भवतात.

जातींची निवड : मत्स्यालयांत आढळणाऱ्या सिक्लिडांचे या दृष्टीने तीन गट पडतात. पहिला गट मोठ्या व बलाढ्य माशांचा आहे. ऑस्कर (ॲस्ट्रोनोटस ऑसेलेटस) हा दक्षिण अमेरिकी मासा ३० सेंमी. वा अधिक वाढतो. तो झाडे मुद्दाम खात नाही, पण मुळासकट उखडतो. मध्य अमेरिकेतील पुष्कळ जातींचे असेच असते. १९९० नंतर मलेशियात संकरातून निपजलेला फ्लॉवरहॉर्न हा मासा भाग्यकारक म्हणून भारतात मोठ्या किंमतीस विकला जातो. तो एकटाच ठेवावा लागतो व त्याच्या टाकीत वनस्पती टिकत नाहीत.

दुसरा गट पूर्व आफ्रिकेतील मालावी व टांगानिका सरोवरांतील माशांचा होय. तेथील पाणी क्षारधर्मी असून त्याचे पीएच मूल्य ८ च्या आसपास वा त्याहून जास्त असते. मालावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावरील मासे दगडांवरील शैवले खरवडून खातात व कोवळी पानेही कुरतडतात. त्यांचे निळे-पिवळे भडक रंग पाहून दक्षिण अमेरिकी माशांबरोबर त्यांना एकाच टाकीत ठेवण्याची प्रथा दिसते. ती सर्वथा अनिष्ट आहे. पाणी, आहार व स्वभाव या तिन्ही बाबतींत या दोहोंचा मेळ बसत नाही. त्यात बहुधा दुर्बळ माशांचा अंत होतो.

वनस्पतींस अनुकूल असा तिसरा गट दक्षिण अमेरिका व पश्चिम आफ्रिका येथील नद्यांतील लहान व मध्यम जातींचा आहे. ॲपिस्टोग्रामा या वंशातील नर सामान्यतः ५–९ सेंमी. व माद्या त्याहून लहान असतात. त्यांपैकी ॲपिस्टोग्रामा काकॅट्युओइडिस ही पेरू व लगतच्या प्रदेशातील जाती काटक असून नवशिक्यास योग्य आहे. नराच्या पृष्ठपक्षाचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उंच असतात, त्यावरून तिला हे नाव मिळाले. व्हेनेझुएला व कोलंबिया यांमधील ओरिनोको खोऱ्याच्या गवताळ प्रदेशातील रॅम (मायक्रोजिओफेगस रामिरेझी) हा सु. ५ सेंमी. लांबीचा मासा अतिशय देखणा, पण नाजूक असतो; त्याला २७°–२९° से. तापमानाचे मृदू पाणी लागते आणि नव्या टाकीत तो सहसा जगत नाही. नायजेरिया व शेजारील प्रदेशांतील क्रिबेन्सिस (पेल्व्हिकाक्रोमिस पल्चर) याची मादी विणीच्या काळात नराहून अधिक रंगदार असते व तिच्या पोटावर जांभळट लाल डाग उठून दिसतो. ॲमेझॉन खोऱ्यातील एंजल मासा (टेरोफायलम स्केलेअर) हा मध्यम गटात मोडतो. त्याचे चपटे शरीर व उभे पट्टे उभ्या देठांमध्ये लपण्यासाठी उपयोगी पडतात. पक्षांसह त्याची उंची २० सेंमी. पर्यंत जात असल्याने त्याला किमान ४५ सेंमी. खोलीची टाकी हवी. त्याच खोऱ्यातील डिस्कस हा मासा वनस्पतींना उपद्रव देत नाही. परंतु त्याला सोसणारे २८°–३०° से. तापमान सर्वच वनस्पतींना सोसत नाही.

टाकी, तळ व पाणी : ९० सेंमी. लांब, ४५ सेंमी. रुंद व ४५ सेंमी. उंच टाकी या कामास सोयीची असते. तीत काठोकाठ सु. १८० लि. पाणी मावते, वाळू व दगड धरून तिचा भार २०० किग्रॅ. हून अधिक होत असल्याने आधार भक्कम व समपातळीत असावा लागतो. सिक्लिडांच्या बाबतीत टाकीच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते, कारण त्यांची हद्द तळावर आखलेली असते. एंजल मासा हा यास अपवाद आहे.

तळाशी ५–७ सेंमी. जाडीचा थर देतात. ॲपिस्टोग्रामा व रॅम हे मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून चाळतात. त्यामुळे टोकदार खडी त्यांना अपायकारक असते. नदीतील बारीक व गोल कणांची धुतलेली वाळू उत्तम. वाळूत चुना वा शिंपल्यांचे तुकडे असता कामा नयेत, कारण ते विरघळून पाण्याची दुष्फेनता व पीएच मूल्य वाढवितात. चिमूटभर वाळूवर लिंबाचा रस वा व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे आले, तर ती वाळू त्याज्य समजावी. संगमरवराचे तुकडे, शंख व प्रवाळ यांनाही हाच नियम लागू पडतो. वाळूत पोषकद्रव्ये नसतात, म्हणून तिच्याखाली चिकणमातीचा पातळ थर देतात किंवा मुळांजवळ खताच्या गोळ्या पुरतात.

वरील तिसऱ्या गटातील बहुतेक माशांना पीएच मूल्य ६ ते ७·५ असलेले मृदू ते मध्यम दुष्फेन पाणी मानवते. मुंबईला सह्याद्रीतील तलावांतून मिळणारे पाणी सामान्यतः मृदू असते. दख्खनच्या पठारावरील कूपनलिकांचे पाणी मात्र पुष्कळदा दुष्फेन असते व त्यात पावसाचे स्वच्छ पाणी मिसळून घ्यावे लागते. रसायने टाकून पीएच मूल्य वरचेवर खालीवर करण्यापेक्षा थोडेसे प्रतिकूल पण स्थिर पाणी माशांना अधिक सोसते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना व उपयुक्त सूक्ष्मजंतूंनाही मारक असतो. पाणी हवेशीर जागी दिवसभर उघडे ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून तो काढतात. तापमान २५°–२७° से. राखतात. महाराष्ट्राच्या अंतर्भागात उन्हाळ्यात हीच मोठी अडचण असते : २५° से. तापमानास १ लि. पाण्यात सु. ८·३ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३२° से. ला सु. ७·३ मिग्रॅ.; आणि त्याच वेळी माशांचे श्वसन मात्र वाढलेले असते. अशा दिवसांत पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंशी थंड होते.

वनस्पती : निवडीची कसोटी ही की, उकरणाऱ्या माशापुढे वनस्पती टिकली पाहिजे. ॲन्युबियस (पश्चिम आफ्रिका) व जावा नेचा (दक्षिण व आग्नेय आशिया) यांचे मूलक्षोड वाळूत न पुरता ओंडक्यास वा दगडास दोऱ्याने बांधतात. त्यांना उपटणे माशांना जमत नाही व मंद प्रकाशही त्यांना पुरतो. वाळूत लावण्यासाठी पाठीमागे व्हॅलिस्नेरिया, मध्यभागी ॲमेझॉन सोर्ड (एकायनोडोरस) व पुढे क्रिप्टोकोरीन या भक्कम मुळांच्या वनस्पती योग्य होत. क्रिप्टोकोरीनच्या मत्स्यालयात रूढ असलेल्या काही जाती श्रीलंकेतील आहेत. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस ही जाती भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर आढळते. पाणी वा जागा बदलल्यास क्रिप्टोकोरीनची सर्व पाने काही दिवसांत गळून विरघळल्यासारखी होतात. झाड मेले असे समजून ते उपटू नये. मुळांपासून नवी पाने फुटतात. हायड्रिला, सेरॅटोफायलम व जलब्राह्मी (बाकोपा मोनिएरी) यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती आरंभीच्या काळात विशेष उपयुक्त असतात. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वनस्पतींनी प्रकाश सौम्य होतो व मासे निर्भयपणे वावरतात.

प्रकाश दररोज ८–१० तास, ठराविक वेळी द्यावा. पूर्वीच्या प्रस्फुरक नळ्यांची जागा आता प्रकाश-उत्सर्जक डायोडांच्या दिव्यांनी घेतली आहे. खिडकीतील थेट उन्हाने शैवले माजतात. पाण्यात वायूंचे विसरण हवेतल्यापेक्षा सु. दहा हजार पट मंद असल्याने वनस्पतींना कार्बन डाय-ऑक्साइड अपुरा पडतो. व्हॅलिस्नेरिया व हायड्रिला पाण्यातील बायकार्बोनेटापासूनही कार्बन मिळवू शकतात, म्हणून दुष्फेन पाण्यात त्या जोमाने वाढतात. नळकांड्यातून कार्बन डाय-ऑक्साइड सोडण्याची सोय करता येते, परंतु येथे सुचविलेल्या वनस्पतींना तिची गरज नसते. रात्री वनस्पतींचेही श्वसन चालू असल्याने वायूचे प्रमाण वाढून मासे गुदमरण्याचा धोका मात्र राहतो.

टाकी परिपक्व होणे : नवी टाकी व मासे एकाच दिवशी घरी आणले आणि आठ-पंधरा दिवसांत मासे एकामागून एक मेले, हा अनुभव फार सार्वत्रिक आहे. दोष रोगाला किंवा दुकानदाराला दिला जातो. मूळ कारण पुष्कळदा अमोनिया असतो. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न व कुजकी पाने यांपासूनही तो निर्माण होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो : निरुपद्रवी म्हणता येईल असे अमोनियम आयन आणि विषारी मुक्त अमोनिया. २५° से. तापमानास पीएच मूल्य ७ असताना एकूण अमोनियाच्या सु. ०·६ टक्के भाग मुक्त असतो, तर पीएच मूल्य ८ असताना सु. ५ टक्के. म्हणजे दुष्फेन व क्षारधर्मी पाण्यात तेवढ्याच घाणीचे विष जवळजवळ नऊपट होते. एका गावात बेफिकिरीने ठेवलेले मासे जगतात व दुसऱ्या गावात काळजीने ठेवलेले मरतात, याचे हे एक कारण आहे.

अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व मग नायट्रेटात ऑक्सिडीभवन करणारे सूक्ष्मजंतू गाळणीतील स्पंज, वाळू व पाने यांच्या पृष्ठभागावर वाढतात. नायट्राइटही विषारी असते. ते रक्तातील हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नष्ट करते व रक्त तपकिरी होते. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत नायट्राइटाचे ऑक्सिडीभवन मुख्यतः नायट्रोस्पायरा हे सूक्ष्मजंतू करतात, पूर्वी समजत तसे नायट्रोबॅक्टर नव्हे, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. पुढे २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटापर्यंतची संपूर्ण क्रिया एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यांचा एक नमुना मत्स्यसंवर्धन यंत्रणेच्या गाळणीतूनच मिळाला होता.

हे सूक्ष्मजंतू सावकाश वाढतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास ४–६ आठवडे लागतात व तोपर्यंत टाकीत मासे सोडू नयेत. या अवधीत वनस्पती लावून गाळणी चालू ठेवतात व अमोनियम क्लोराइड मोजून घालतात किंवा माशांचे थोडे अन्न कुजू देतात. जुन्या निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा गाळणीत घातल्यास हा काळ कमी होतो. परीक्षण संचाने तपासता अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्य आढळू लागली म्हणजे टाकी परिपक्व झाली असे समजतात. वनस्पतींचे खरे साहाय्य येथेच होते. बहुतेक जलवनस्पती नायट्रेटापेक्षा अमोनियम अधिक पसंत करतात व सूक्ष्मजंतूंच्या आधीच त्यातील बराच भाग उचलतात. दाट लावलेल्या टाकीत आरंभीचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी होतो, पण नाहीसा होत नाही. गाळणीचा स्पंज नळाखाली धुणे ही नेहमीची चूक होय. क्लोरीनने सूक्ष्मजंतू मरतात व टाकी पुन्हा नवी होते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

मासे व त्यांच्या हद्दी : वर सांगितलेल्या आकाराच्या टाकीत तळाशी राहणारी एकच सिक्लिड जाती ठेवणे श्रेयस्कर असते : ॲपिस्टोग्रामाचा एक नर व दोन-तीन माद्या, किंवा क्रिबेन्सिसची अथवा रॅमची एक जोडी. क्रिबेन्सिस व रॅम एकत्र ठेवल्यास रॅमचा निभाव लागत नाही. एंजल मासे घ्यायचे झाल्यास पाच-सहा लहान पिले एकत्र वाढवितात. त्यांतून आपोआप एक जोडी जमते व ती इतरांना हुसकू लागली की उरलेले मासे दुसरीकडे हलवितात. मधल्या थरात टेट्रा माशांचा १२–१५ चा थवा असावा. थव्याचे मासे निर्धास्तपणे फिरताना दिसले की धोका नाही अशी खूण सिक्लिडांना पटते व तेही उघड्यावर येतात. पूर्ण वाढलेले एंजल मासे मात्र निऑन टेट्रासारखे बारीक मासे गिळतात.

हद्दीचे तंटे मिटविण्याचा खरा उपाय दृष्टी अडविणे हा आहे. ओंडके, दगड व दाट झाडे अशी मांडावीत की, टाकीच्या एका टोकास असलेल्या माशाला दुसरे टोक दिसू नये. प्रत्येक मादीस स्वतंत्र गुहा हवी. बाजूस तोंड पाडलेली नारळाची पालथी करवंटी याकरिता सर्वोत्तम. ती स्वस्त असते व तिच्या खडबडीत पाठीवर जावा नेचाही बांधता येतो. दगड नेहमी काचेच्या तळावर टेकवून मग वाळू घालावी; वाळूवर ठेवलेला दगड खालून उकरला गेल्यास कलंडून काच फोडतो.

प्रजनन : ॲपिस्टोग्रामाची मादी गुहेच्या छताला अंडी चिकटविते. या वेळी तिचा रंग पिवळाधमक व काळ्या खुणांचा होतो आणि आपल्या दुप्पट आकाराच्या नरालाही ती जवळ येऊ देत नाही. त्यांच्या काही जातींत पिलांचे लिंग पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते; अधिक तापमानात नरांचे प्रमाण वाढते. क्रिबेन्सिसमध्ये पीएच मूल्याचा असा परिणाम आढळतो. एंजल मासे ॲमेझॉन सोर्डच्या रुंद पानावर ओळीने अंडी घालून दोघे मिळून त्यांना पक्षांनी वारा घालतात व बुरशी लागलेली अंडी वेचून काढतात. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात व सु. आठवड्याने पिले पोहू लागतात. पहिल्या एकदोन विणी पालकच खाऊन टाकतात, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. पिलांना आर्टेमियाचे नुकते फुटलेले डिंभ खाऊ घालतात. शिवाय जुन्या वनस्पतियुक्त टाकीत पानांवर सूक्ष्मजीवांचा जो थर असतो, तो वेचण्यात पिले दिवसभर गुंतलेली असतात. वाऱ्याच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी या काळात सुरक्षित असते, कारण तीत पिले ओढली जात नाहीत.

दर आठवड्यास सु. एक चतुर्थांश पाणी बदलणे, वाढलेली झाडे छाटणे व दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न दिवसातून एकदोनदा घालणे, एवढी निगा पुरते.

भारतीय सिक्लिड व परकीय जातींचा प्रश्न : भारतात या कुलाच्या तीनच मूळ जाती आहेत. एट्रोप्लस सुरटेन्सिस हा गोव्यात कालुंदर व केरळात करिमीन या नावाने ओळखला जाणारा खाद्य मासा खाड्यांच्या मचूळ पाण्यात राहतो. २०१० मध्ये केरळाने त्याला राज्यमासा म्हणून घोषित केले. तो मोठा होतो व वनस्पती खातो, म्हणून येथे निरुपयोगी आहे. कर्नाटकातील नद्यांत राहणारी एट्रोप्लस कॅनारेन्सिस ही जाती गोड्या पाण्यातील असली, तरी तीही पाने खाते. तिचा प्रसार अतिशय मर्यादित असल्याने निसर्गातून पकडलेले मासे घेणे टाळावे. नारिंगी क्रोमाइड (स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस) हा सु. ८ सेंमी. चा मासा लहान व शांत असतो. गोड्या पाण्यात तो राहू शकतो, तथापि किंचित मचूळ पाण्यात अधिक निरोगी असतो.

परकीय सिक्लिड मोकळ्या पाण्यात गेल्यास काय होते, याचे उदाहरण चिलापी (टिलापिया) हा आफ्रिकी मासा होय. १९५२ मध्ये संवर्धनासाठी भारतात आणलेला मोझांबिक टिलापिया आज देशातील असंख्य तळ्यांत व नद्यांत पसरला असून अनेक जलाशयांत त्याने स्थानिक माशांना मागे सारले आहे. काच साफ ठेवण्यासाठी विकला जाणारा दक्षिण अमेरिकी चोषमुखी मासाही मत्स्यालयांतूनच अनेक राज्यांच्या जलाशयांत पोहोचला. जलपर्णी तर शोभेची वनस्पती म्हणूनच भारतात आली. त्यामुळे नकोसे झालेले मासे नदीत, विहिरीत वा तळ्यात न सोडता दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्यावे लागतात आणि छाटलेल्या वनस्पती गटारात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून मग खतात घालतात. हायड्रिलाचा बोटभर तुकडाही पाण्यात पडला तर नव्याने वाढू लागतो.